अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा हिशेब

कोल्हापुरातील जुन्या घरांचे माळे आता एकामागून एक रिकामे होत आहेत. वाडा पाडून तेथे इमारत उभी राहायची असते. मग तांब्याची घंगाळी, मोडका पाळणा आणि वाळवी लागलेली मासिके यांच्याबरोबर ग्रामोफोनच्या तबकड्यांचे गठ्ठेही मोडीत निघतात. आम्ही काही शिक्षक गेली बरीच वर्षे असे गठ्ठे गोळा करीत आलो आहोत. ही गाणी पुढे एल.पी.वर आली, मग कॅसेटवर, मग सीडीवर, आणि आता ती मोबाइलवरही ऐकायला मिळतात. तेव्हा हे फुटके ओझे घरात कशाला, हा प्रश्न घरचे आणि दारचे सगळेच विचारतात. तबकडी विकणाऱ्या बहुतेकांनी ती विकलेली असते तीही याच समजुतीने, की नवी आवृत्ती निघाली, आता मुळाची गरज नाही.

आमचीही समजूत बराच काळ अशीच होती. ती मोडली एका कॅसेटमुळे. एका नामवंत गवयाच्या जुन्या मुद्रिका त्या कॅसेटवर पुन्हा काढल्या होत्या. गवयाचे आणि कंपनीचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. वेष्टनावर आवाज स्वच्छ केल्याचा उल्लेख ठळक अक्षरांत होता. आमच्यातील संगीत शिक्षिकांनी कॅसेट लावली, पेटी पुढे ओढली आणि षड्ज शोधला. तो निघाला पांढरी दोन. त्या म्हणाल्या, "हे बुवा काळी एकमध्ये गात असत. माझ्या गुरुजींनी त्यांना तंबोरा लावून दिला आहे." मग आम्ही माळ्यावरून आलेली मूळ तबकडी काढली. ती अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर लावली, तेव्हा तीही पांढरी दोनच निघाली. म्हणजे कॅसेटवाल्यांनी तबकडीशी बेइमानी केली नव्हती. तबकडीवर छापलेल्या किंवा गृहीत धरलेल्या ७८ या आकड्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता, आणि चूक तेथेच होती.

हा ७८ आकडा आला कोठून? भारतात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय सुरू झाला तो १९०२ सालच्या नोव्हेंबरात. त्या वेळी फ्रेड गैसबर्ग हा तंत्रज्ञ लंडनहून कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मेणाच्या जाड चकतीवर उतरवून घेतले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने भल्यामोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी गायचे, हवेच्या कंपनांनी पडदा हलायचा, आणि पडद्याला जोडलेली सुई मेणात नागमोडी खाच कोरायची. चकती फिरविण्यासाठी विजेची मोटर वापरली जात नसे. घड्याळाच्या लंबकासारखे जड वजन हळूहळू खाली सोडून त्यावर यंत्र चालवीत. गुरुत्वाकर्षण दगा देत नाही, म्हणून ही युक्ती. वेग राखण्यासाठी नियंत्रक असे, पण तो किती वेगावर लावायचा हे तंत्रज्ञाच्या हाती होते. गाणे थोडे लांबले तर चकतीवर मावावे म्हणून वेग कमी करण्याचा मोह होई. त्यामुळे त्या काळच्या तबकड्या सत्तरीच्या आसपासपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कोणत्याही वेगाने कोरलेल्या सापडतात. मेणाच्या चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला जात, तेथे त्यांच्यावरून धातूचे साचे होत आणि लाखेच्या तबकड्या छापून परत येत. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदह येथे कारखाना निघाला, तेव्हा ही वारी संपली. गौहरजान गाणे संपल्यावर इंग्रजीत आपले नाव सांगते, ते हॅनोव्हरच्या कारागिरांना तबकडी ओळखता यावी म्हणून, असे सांगतात. नव्या आवृत्त्यांमधून हे वाक्य पुष्कळदा कापलेले असते, कारण संपादकाला ते गाण्याचा भाग वाटत नाही.

१९२५ मध्ये विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि हळूहळू ७८ हा वेग रूढ झाला. नेमके सांगायचे तर तोही एक नव्हता. सेकंदाला ५० आवर्तनांची वीज असलेल्या देशांत तो ७७.९२ आणि ६० आवर्तनांच्या देशांत ७८.२६ धरीत. हा फरक कानाला जाणवत नाही. मात्र त्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांतील तबकड्यांना ७८ लावणे म्हणजे सगळ्या वर्गाला एकाच मापाचे जोडे वाटण्यासारखे आहे.

आता आमच्या तबकडीचा हिशेब पाहू. काळी एकची कंप्रता आजच्या मापाने १३८.६, पांढरी दोनची १४६.८. तबकडी ७४ फेऱ्यांनी कोरली असेल आणि आपण ती ७८ फेऱ्यांनी वाजविली, तर प्रत्येक कंप्रतेला ७८/७४ ने गुणावे लागेल. १३८.६ चे होतात १४६.१, म्हणजे जवळजवळ पांढरी दोन. सव्वातीन मिनिटांचे गाणे १९५ सेकंदांऐवजी १८५ सेकंदांत संपेल. उच्च माध्यमिक वर्गातील विद्यार्थ्यांना लॉगॅरिथमचा उपयोग काय, असे विचारले की बहुधा कुणी बोलत नाही. त्यांना हे गणित द्यावे: एका अर्धस्वराचे शंभर भाग केले, तर ७८/७४ या गुणोत्तराचे किती भाग होतात? उत्तर ९१ येते.

येथे एक शंका निघेल, आणि ती आमच्या एका विद्यार्थ्याने काढलीही. पट्टी चढली तर चढली, राग तर तोच राहतो ना? राहतो. वेगाच्या चुकीने सगळ्या कंप्रता एकाच संख्येने गुणल्या जातात, त्यामुळे त्यांची गुणोत्तरे बदलत नाहीत. षड्ज-पंचमाचे ३:२ हे नाते ३:२ च राहते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची गुणोत्तरे मोजण्याचे काम हाती घेतले, तेव्हा गाऊन दाखविण्याचे साह्य त्यांना अब्दुल करीम खाँ यांनी केले. देवलांचे पुस्तक १९१० साली निघाले. त्याच सुमारास, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, खाँसाहेबांनी आपल्या पहिल्या तबकड्या दिल्या होत्या. त्या कोणत्याही वेगाने लावल्या तरी त्यांतील श्रुतींची गुणोत्तरे जशीच्या तशी हाती लागतील. देवलांचे काम वेगाच्या चुकीने बिघडत नाही.

बिघडते ते बाकीचे सगळे. लय वाढते. आंदोलने आणि गमका घाईच्या होतात. आणि आवाजाचा पोत बदलतो, तो सर्वांत वाईट. घसा आणि मुखपोकळी यांचा आकार ठरलेला असल्याने काही ठराविक कंप्रतांचे पट्टे त्यांत घुमून मोठे होतात. माणसाचा आवाज आपण ओळखतो तो या पट्ट्यांवरून. प्रत्यक्षात गायकाने पट्टी चढविली तरी त्याचा घसा लहान होत नाही, त्यामुळे हे पट्टे फारसे हलत नाहीत. तबकडी जोरात फिरविली की मात्र तेही वर सरकतात, आणि भरदार पुरुषाचा आवाज नुकत्याच मिसरूड फुटलेल्या मुलासारखा वाटू लागतो. अशा कॅसेटींवरून जुने गवई पातळ आवाजात गात असत अशी मते बनतात. आमच्या ओळखीचा एक विद्यार्थी कॅसेटबरोबर गळा लावायचा म्हणून अर्धा स्वर वर तंबोरा लावून रियाज करीत होता, आणि घसा बसला की दोष स्वतःला देत होता.

मुळाची ही काळजी फक्त आपल्या संगीतात लागते असे नाही. अमेरिकेत जाझ संगीतातील सर्वांत गाजलेल्या तबकड्यांपैकी एक म्हणजे माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. ती १९५९ साली न्यूयॉर्कच्या एका उत्तम स्टुडिओत, उत्तम यंत्रांवर मुद्रित झाली. पण २ मार्च रोजी मुख्य टेपयंत्र किंचित मंद चालत होते. मंद फिरणाऱ्या फितीवर घेतलेले गाणे योग्य वेगाने वाजविले की चढे लागते. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तीस वर्षांहून अधिक काळ जगभर चढ्या पट्टीत विकल्या गेल्या. सुदैवाने खबरदारी म्हणून दुसऱ्या यंत्रावरही एक फीत घेतलेली होती. १९९२ सालच्या आवृत्तीसाठी ती वापरली, तेव्हा पट्टी मूळ जागी आली. दुसरी फीत कुणी जुनी झाली म्हणून टाकून दिली असती, तर त्या वेळी काय करता आले असते याचा विचार करून पाहावा.

आमच्या कपाटातील पुनर्मुद्रणे आणि मूळ तबकड्या शेजारी शेजारी ठेवून ऐकू लागल्यावर वेगाखेरीज आणखी बरेच काही सापडत गेले. त्यातील मध्यभागाच्या भोकाची गोष्ट आम्हाला सर्वांत आवडते, कारण तिचा संबंध थेट श्रुतीशी येतो. तबकडीचे भोक जर केंद्रापासून एक मिलिमीटर बाजूला पडले, तर फिरताना खाच सुईखालून कधी थोडी जोरात, कधी थोडी हळू सरकते. केंद्रापासून आठ सेंटिमीटरवर, म्हणजे ऐंशी मिलिमीटरवर, सुई असेल तर हा फरक ऐंशीत एकाचा होतो. वर जाताना कंप्रता ८१:८० या प्रमाणात वाढते, आणि हे नेमके प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर आहे! खाली येतानाही तेवढाच फरक पडतो. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीने स्थिर लावलेला षड्ज दर ०.७७ सेकंदाला एक श्रुती वर आणि एक श्रुती खाली झोके घेतो. येथे मात्र देवलांच्या मोजमापाचीही धडगत नाही. उपाय सोपा आहे. भोक थोडे मोठे करून तबकडी हाताने सरकवीत, सुईचा दांडा डावी-उजवीकडे हलायचा थांबेपर्यंत जुळवायची. पाच मिनिटांचे काम, पण छापील सीडीवरसुद्धा हा झोका जसाच्या तसा ऐकू येतो, तेव्हा ते पाच मिनिटांचे कष्ट कुणी घेतले नाहीत हे कळते.

खरखरीची कथा थोडी वेगळी. जुन्या तबकडीत लाखेबरोबर दगडाची बारीक पूड मिसळलेली असे, म्हणजे पोलादी पिन झिजून खाचेच्या आकाराची होई. त्या पुडीचीच खरखर आपल्याला ऐकू येते. (ही लाख बहुतांशी आपल्याकडील पळस, बोर, कुसुम या झाडांवरची. दुसऱ्या महायुद्धात ती मिळेनाशी झाली, तेव्हा १९४२ साली अमेरिकेने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक बंधने घातली.) खरखर बव्हंशी उंच कंप्रतांची असते. तेव्हा चार-पाच हजार कंप्रतेच्या वरचे सगळे गाळून टाकले की शांतता होते, आणि जाहिरातीत 'स्वच्छ' असे लिहिता येते. पण त्याच पट्ट्यात तंबोऱ्याच्या जवारीचे उंच उपस्वर असतात, आणि 'स', 'श' या व्यंजनांची धारही तेथेच असते. गाळणी लावलेल्या मुद्रणातील तंबोरा लाकडी वाटतो आणि शब्द बोबडे. गाळण्याआधीची खरखर कानाला सवयीने दिसेनाशी होते. गेलेली जवारी मात्र कोणत्याही सवयीने परत येत नाही. संगणक आल्यावर टिचक्या वेचून काढण्याची सोय झाली. ती जपून वापरली तर फार उपयोगी आहे. भरमसाट वापरली तर संगणकाला तबल्याच्या चाटेवरचा टणत्कारही टिचकीच वाटतो, आणि तो तीही पुसून टाकतो.

साठच्या दशकात एककर्णी मुद्रणे ओढूनताणून दोन कर्ण्यांत वाटण्याची टूम निघाली, खर्ज एकीकडे आणि तार दुसरीकडे. तिच्याविषयी न लिहिलेलेच बरे. दोन बाजूंवर असलेले गाणे सलग करताना जोडावर एखादी मात्रा गळते आणि सम भलत्या ठिकाणी येते, हाही अनुभव वारंवार येतो. तबलजीला विचारावे, तो हसतो.

या सगळ्यात कोल्हापूरचे म्हणून काय आहे? जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे अनेक वर्षे राहिले. महाराज १९२२ साली गेले, खाँसाहेब पुढे मुंबईस गेले आणि १९४६ साली तेथेच वारले. चव्वेचाळीस वर्षे देशात ध्वनिमुद्रण चालू असूनही त्यांची एकही तबकडी बाजारात आली नाही. त्यांचे गाणे कसे होते हे आता दोनच वाटांनी कळते: ज्यांनी ऐकले त्यांच्या लेखनातून, आणि शिष्यांच्या तबकड्यांतून. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, आणि मंजी खाँ व भुर्जी खाँ या खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. या मंडळींची जुनी मुद्रणे विजेच्या काळातील, म्हणून वेगाची चूक तेथे थोडी. पण या घराण्याची सारी प्रतिष्ठा लयीच्या बांधणीवर आणि दमसासावर आहे. तेथे शेकडा दोनची चूकही श्वासाचा हिशेब बदलते. मूळ साक्षीदारच बोलत नाही, तेव्हा उरलेल्या साक्षीदारांचे शब्द तरी कुणी बदलू नयेत, एवढीच आमची मागणी आहे. पुनर्मुद्रणाच्या वेष्टनावर मूळ तबकडीचा साचाक्रमांक, मुद्रणाचे वर्ष आणि कोणत्या वेगाने वाजवून घेतले तो आकडा, एवढे तीन तपशील छापायला अर्धी ओळ पुरते. साचाक्रमांक तर लेबलाजवळच्या कोऱ्या जागेत उमटलेलाच असतो, नुसता तिरप्या उजेडात धरून वाचायचा.

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. जाड कागदाचे वर्तुळ घेऊन त्याच्या कडेवर समान अंतरावर ७७ काळे पट्टे काढावेत. एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४.६८ अंश येतात. कोनमापकाने हे जमत नाही, चूक साठत जाते. परीघ मोजून त्याचे ७७ भाग केलेले बरे. आपल्या विजेवर साधा निऑनचा दिवा सेकंदाला शंभर वेळा, म्हणजे मिनिटाला ६००० वेळा चमकतो. ६००० ला ७७ ने भागले की ७७.९२ येतात. फिरत्या तबकडीवर हे वर्तुळ ठेवून अंधारात निऑनच्या उजेडात पाहिले, तर वेग बरोबर असताना पट्टे स्थिर दिसतात, वेग जास्त असेल तर पुढे सरकतात, कमी असेल तर मागे. विजेच्या टेस्टरमधील लहानसा तांबडा दिवाही चालतो. एल.ई.डी. दिव्यांपैकी पुष्कळ दिवे असे लुकलुकत नाहीत, तेव्हा त्यांवर विसंबू नये. ७४ फेऱ्यांसाठी ८१ पट्टे लागतात. का, ते मुलांना काढू द्यावे.

वेग मोजता आला तरी तो मुळात किती होता हे ठरविणे राहतेच. त्यासाठी साथीची पेटी कामी येते. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, तेव्हा वेग बदलत बदलत तबकडीतील पेटी आपल्या पेटीशी जुळवायची, आणि गवयाच्या पट्टीविषयी जी माहिती असेल तिच्याशी ताडून पाहायचे. अर्थात जुन्या पेट्या सगळ्या एका मापाच्या नव्हत्या. काही ४३५ कंप्रतेच्या मापाने लावलेल्या, काही ४४० च्या. एवढ्यानेच शेकडा एकाहून थोडा अधिक घोळ होतो, म्हणजे जवळजवळ एका फेऱ्याचा. त्यापलीकडची अचूकता सांगणाऱ्यावर आम्ही विश्वास ठेवीत नाही.

वेग नि:संदिग्ध लिहून ठेवलेली केसरबाईंची मुद्रिका आमच्या माहितीत एकच आहे, आणि ती आमच्या हाती लागण्यासारखी नाही. केसरबाई गोव्यातील केरी गावच्या. आठ वर्षांच्या असताना त्या कोल्हापुरास आल्या होत्या आणि येथे काही महिने अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या. अल्लादिया खाँची तालीम पुढे १९२१ पासून. ध्वनिमुद्रणाविषयी त्या कधीच फार उत्सुक नव्हत्या. तरी त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेली. ही तबकडी मिनिटाला १६ २/३ फेऱ्यांची, म्हणजे एका फेऱ्याला ३.६ सेकंद. पण ऐकणाऱ्याला सेकंद ठाऊक असेल कशावरून? म्हणून तिच्या आवरणावर हा काळ हायड्रोजन अणूच्या एका मूलभूत संक्रमणाच्या मापात, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाच्या ०.७० पट इतक्या एककात, द्विमान पद्धतीने कोरला आहे. तो आकडा सुमारे ५११ कोटी येतो. पाच सप्टेंबरला दुसरे यान सुटले, आणि अकरा दिवसांनी मुंबईत केसरबाई वारल्या.

आमच्या कपाटातील तबकड्यांच्या कागदी पाकिटांवर आम्ही आता पेन्सिलीने वेग लिहून ठेवतो. त्या बुवांच्या तबकडीवर ७४ लिहिले आहे आणि पुढे प्रश्नचिन्ह आहे, कारण गुरुजींची आठवण हा एक पुरावा झाला, आणि त्या तबकडीत पेटी नाही, सारंगी आहे.